खजिनदाराचा गुलाम आणि हिकमतीचा तराजू

एनसीसीच्या हवाई शाखेतील मुले बाल्साच्या हलक्या लाकडाचे छोटे विमान तयार करतात, तेव्हा ते हवेत सोडण्याआधी एक साधी परीक्षा घेतात. दोन्ही पंखांखाली ठरावीक खुणेवर एकेक बोट टेकवायचे आणि विमान उचलायचे. ते आडवे राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले, तर ठीक. शेपूट खाली गेली तर नाकात मातीचा गोळा किंवा शिशाचा तुकडा बसवायचा आणि पुन्हा बोटांवर तोलून पाहायचे. मागे शेपूट असलेल्या साध्या विमानात ही खूण पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर येते. विमानाचे सगळे वजन जणू त्या एका ठिकाणी एकवटलेले असते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात.

विमान किती सुबक आहे, रंग किती छान दिला आहे, याला उडताना काही किंमत नसते. ते एकूण किती जड आहे हाही नंतरचा प्रश्न. ते वजन कुठे आहे, हा पहिला प्रश्न. गुरुत्वमध्य बोटभर मागे सरकला तरी विमान नाक वर करून थबकते आणि कोसळते.

वजनाचा मध्य कुठे असावा आणि आधार कुठे असावा, या प्रश्नाचा बारकाईने विचार करणारा एक विद्वान सुमारे ९०० वर्षांपूर्वी मर्व शहरात राहत होता. त्यांच्यापुढे विमान नव्हते, तराजू होता. त्या तराजूवर राज्याचे सोने तोलायचे होते. त्यांचे नाव अब्दुर्रहमान अल-खाजिनी. गणित, खगोलशास्त्र आणि वजन-मापांचे शास्त्र यांच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्याकडे मात्र रमजानच्या पानांवर अल-बेरुनी, इब्न सिना आणि उमर खय्याम यांच्याविषयी जितके लिहिले जाते, त्या मानाने खाजिनी मागे राहतात. खरे तर रोजे, जकात आणि चंद्रदर्शन या तिन्ही गोष्टींशी त्यांच्या आयुष्याचा जवळचा संबंध आहे.

त्यांच्या नावापासूनच सुरुवात करू. खाजिन म्हणजे खजिना सांभाळणारा. आपल्या मराठीतला खजिना आणि खजिनदार हे शब्द याच घराण्यातले. खाजिनी म्हणजे खाजिनचा, खजिनदाराचा. ही पदवी नव्हती, मालकीची खूण होती. रूम, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याच्या मुलखातला एक मुलगा गुलाम म्हणून मर्वला पोहोचला आणि तिथल्या अली अल-खाजिन अल-मर्वजी या खजिनदाराच्या घरी आला. पुढे जन्मभर आणि मृत्यूनंतर आजपर्यंत तो मुलगा आपल्या मालकाच्या हुद्द्यानेच ओळखला गेला.

मर्व हे तेव्हा खुरासानचे वैभव होते. आजच्या तुर्कमेनिस्तानात, मेरी शहराजवळ, त्याचे अवशेष पसरलेले आहेत. सेल्जुक सुलतान संजर यांचे हे राजधानीचे शहर. मदरसे, ग्रंथालये, बाजार, टांकसाळ, चारी दिशांनी येणारे व्यापारी तांडे, असे ते शहर होते. अशा शहरातल्या खजिनदाराकडे गुलामांची कमतरता नसणार. पण या खजिनदाराने त्या रूमी मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला भूमिती, गणित आणि तत्त्वज्ञान शिकवण्याची व्यवस्था केली. घरातली चाकरी करून घेणे सोपे होते. त्याने मुलाला ग्रंथांकडे पाठवले. त्या एका निर्णयाचे फळ पुढच्या अनेक पिढ्यांनी चाखले.

खाजिनी मोठे झाले ते खगोलशास्त्रज्ञ म्हणून. सुलतान संजर यांच्या नावाने त्यांनी जीज तयार केला. जीज म्हणजे सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या गतींची कोष्टके असलेला ग्रंथ, आपल्या पंचांगकर्त्यांच्या करणग्रंथासारखा. त्या काळातले बहुतेक जीज जुन्या आकड्यांवरून नवे आकडे काढून तयार होत. स्वतः आकाशाचे वेध घेऊन जुने आकडे तपासणारे फार थोडे होते. खाजिनी त्या थोड्यांपैकी एक. ग्रहणे कशी वर्तवायची आणि नवा चंद्र कधी दिसू शकेल, यावर त्यांनी विशेष मेहनत घेतली. शाबानच्या २९ तारखेला संध्याकाळी पश्चिमेकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागत नाही. वेध घेण्याच्या उपकरणांवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

असा माणूस दरबाराच्या जवळ असणे साहजिक होते. दरबाराजवळ असलेला माणूस श्रीमंत होणे त्याहून साहजिक. इथे मात्र खाजिनींची वाट वेगळी झाली. त्यांच्याच शतकातले चरित्रकार जहीरुद्दीन बैहकी यांनी त्यांच्या राहणीची जी माहिती नोंदवून ठेवली आहे, ती वाचताना थांबायला होते. सुलतान संजर यांनी त्यांच्याकडे १००० दीनार पाठवले. खाजिनींनी ते परत केले. आपल्याजवळ १० दीनार आहेत, वर्षाला ३ दीनारांत भागते, आणि घरात आपल्याशिवाय फक्त एक मांजर आहे, असा हिशेब त्यांनी दिला. एका बड्या अमिराच्या पत्नीनेही १००० दीनार पाठवले होते. तेही त्यांनी परत पाठवले.

त्यांचे खाणे आठवड्यातून तीन वेळा मांस आणि इतर दिवशी दोन रोट्या एवढेच होते. कपडे दरवेशांसारखे साधे. हे दारिद्र्य नव्हते, कारण दारात हजार दीनारांची थैली दोनदा आली होती. हा दिखावाही नव्हता. नकार देताना त्यांनी वैराग्याचे व्याख्यान दिले नाही, आकडे सांगितले. जवळ १०, वर्षाचा खर्च ३, म्हणजे तीन वर्षांची सोय आहे आणि वर थोडे उरते. ज्याने आयुष्यभर वजने केली, त्याने आपली गरजही तोलून ठेवली होती.

हा नकार किती मोलाचा होता, हे कळण्यासाठी आता मर्वच्या खजिन्यात शिरावे लागेल.

कोणत्याही राज्याच्या खजिन्यापुढे एक जुना प्रश्न असतो. आलेले सोने खरे किती आणि त्यात चांदी, तांबे किती? माणिक खरे की रंगीत काच? दागिना वितळवून पाहिला तर भेसळ कळते, पण दागिना जातो. आर्किमिडीज या ग्रीक विद्वानाला राजाच्या मुकुटाबाबत हाच प्रश्न पडला होता आणि पाण्याच्या मदतीने त्याने तो सोडवला, ही कथा आपण शाळेत शिकतो. एकाच वजनाचे सोने आणि चांदी घेतली तर चांदी जास्त जागा व्यापते, म्हणून पाण्यात बुडवल्यावर चांदीचे वजन जास्त घटते. पाण्यातल्या या घटीवरून धातूचा कस ओळखता येतो.

या तत्त्वावर एक अचूक तराजू तयार करण्याचे काम खाजिनींच्या आधी अल-मुजफ्फर अल-इस्फिजारी यांनी हाती घेतले होते. इस्फिजारी हे उमर खय्याम यांचे समकालीन आणि मोठे गणिती. बैहकी सांगतात त्याप्रमाणे, त्यांनी मोठ्या कष्टाने सुलतानासाठी असा तराजू तयार केला. सोन्यातली भेसळ तो दाखवून देत असे. हा तराजू सुलतानाच्या खजिनदाराच्या ताब्यात गेला आणि खजिनदार घाबरला. खजिन्यात त्याने जी लबाडी केली होती ती या तराजूमुळे उघडी पडणार होती. त्याने तराजू मोडून टाकला, त्याचे तुकडे तुकडे केले. ही बातमी इस्फिजारींच्या कानावर गेली. ते त्या दुःखाने आजारी पडले आणि त्यातच गेले.

एक खजिनदार गुलाम मुलाला विद्या देतो आणि दुसरा खजिनदार विद्वानाची जन्माची मेहनत मोडून टाकतो. हुद्दा तोच, किल्ल्याही तशाच. फरक एवढाच की पहिल्याला उजेडाची भीती नव्हती आणि दुसऱ्याला होती.

मोडलेल्या तराजूचे काम पुढे नेले ते खाजिनींनी. हिजरी ५१५ मध्ये, म्हणजे इ.स. ११२१-२२ मध्ये, त्यांनी किताब मीजान अल-हिकमा हा ग्रंथ पूर्ण करून सुलतान संजर यांना अर्पण केला. मीजान म्हणजे तराजू आणि हिकमा म्हणजे शहाणपण, ज्ञान. आपल्याकडच्या हिकमत या शब्दात युक्ती आणि शहाणपण हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून हिकमतीचा तराजू हे नाव मराठीतही शोभते.

ग्रंथाच्या प्रारंभी ते न्यायाविषयी लिहितात. सर्व सद्गुणांचा आधार न्याय आहे, अशी त्यांची भूमिका आहे. माणसांमध्ये न्याय टिकावा म्हणून अल्लाहने तीन निवाडे करणारे दिले आहेत, असे ते मानतात. पहिला अल्लाहचा ग्रंथ, दुसरे सन्मार्ग दाखवणारे विद्वान आणि तिसरा तराजू. बाजारात टांगलेल्या तागडीला ग्रंथ आणि विद्वानांच्या पंक्तीत बसवणारा हा विचार लहान नाही. तराजू तोलताना समोरचा अमीर आहे की फकीर हे पाहत नाही. सुलतानाचे सोने आणि विधवेचे सोने त्याला सारखेच. खजिनदाराला नेमकी याचीच भीती वाटली होती.

हा ग्रंथ आठ भागांचा आहे. आपल्या आधी कोणी काय केले हे खाजिनी प्रामाणिकपणे सांगत जातात. आर्किमिडीज, युक्लिड आणि मेनेलाऊस हे ग्रीक, तसेच साबित इब्न कुर्रा, अबू सहल अल-कूही, इब्न अल-हैसम, अर-राझी, अल-बेरुनी, उमर खय्याम आणि इस्फिजारी, अशा सर्वांची नावे आणि त्यांचे काम तिथे आहे. काही जुन्या लेखकांचे विचार आज आपल्याला कळतात ते खाजिनींनी ते नोंदवून ठेवले म्हणून. इस्फिजारींचा तराजू मोडला, पण त्यांचे श्रेय मोडले नाही. खाजिनींनी ते आपल्या नावावर करून घेतले नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागातच गुरुत्वमध्याचे विवेचन येते. तराजू म्हणजे वरवर पाहता एक दांडी, दोन पारडी आणि मधला काटा. दांडी अगदी मधोमध टांगली की झाले, असे आपल्याला वाटते. खाजिनी दाखवून देतात की तेवढे पुरेसे नाही. दांडी ज्या आसावर फिरते तो आस आणि दांडीचा गुरुत्वमध्य यांचे वर-खालीचे नाते काय आहे, यावर तराजूचा सगळा स्वभाव ठरतो. याचे तीन प्रकार होतात.

आस नेमका गुरुत्वमध्यावर असेल तर दांडी कशीही कलती करून सोडा, ती तिथेच राहील. तिला आडवे होण्याची ओढ नाही आणि पडण्याचीही नाही. आस गुरुत्वमध्याच्या वर असेल, म्हणजे वजन आधाराच्या खाली लोंबत असेल, तर दांडी कलली तरी झुलत झुलत पुन्हा आडवी होईल. आस गुरुत्वमध्याच्या खाली असेल, म्हणजे वजन आधाराच्या वर चढून बसले असेल, तर जराशा धक्क्याने दांडी कलेल आणि कलतच जाऊन उलटेल. शिवाय दांडीच्या मधोमध वर काटा बसवला की त्याचे स्वतःचे वजन असते आणि त्यामुळे गुरुत्वमध्य थोडा वर सरकतो. म्हणून काट्यासहित मध्य काढून मग आस कुठे ठेवायचा हे ठरवावे लागते. काटा हा तोल दाखवण्यासाठी असतो, पण तोच तोल बिघडवूही शकतो, ही बारीक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

सुरुवातीला ज्या छोट्या विमानाचा उल्लेख केला, त्यात नेमके हेच तीन प्रकार दिसतात. तराजूचा प्रश्न वर आणि खाली असा आहे, विमानाचा प्रश्न पुढे आणि मागे असा आहे. विमान उडताना वाऱ्याच्या झुळकीने त्याचे नाक वर झाले की पंख आणि शेपूट यांच्यावर हवेचा जादा रेटा येतो. हा जादा रेटा जणू एका ठरावीक बिंदूवर लागतो. विमानाचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे असेल तर हा रेटा नाक पुन्हा खाली आणतो आणि विमान सावरते. गुरुत्वमध्य त्याच बिंदूवर असेल तर विमान ना सावरते, ना बिघडते. ज्या कलात गेले त्या कलात राहते. गुरुत्वमध्य मागे गेला तर रेटा नाक आणखी वर ढकलतो आणि विमान आपटते. म्हणून तर मुले शेपूट जड झाली की नाकात वजन भरतात.

आणखी एक साम्य आहे. तराजूचा आस गुरुत्वमध्याच्या फार वर ठेवला तर तराजू पक्का होतो, पण सुस्त होतो. बारीक वजन टाकले तरी काटा हलत नाही. विमानाचे नाक फार जड केले तर ते स्थिर राहते, पण जड चालते, नाक वर उचलायलाच तयार होत नाही, सरळ जमिनीकडे झेपावते. फार मागे आणले तर हाताळणे अशक्य होते. योग्य जागा मधली असते, किंचित सुरक्षित बाजूला झुकलेली. अरबीत आणि उर्दूत ज्याला एतदाल म्हणतात तो हाच. एतदाल आणि अदल म्हणजे न्याय, हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत.

खाजिनींचा तराजू प्रत्यक्षात कसा होता? त्याची दांडी ४ हात, म्हणजे सुमारे २ मीटर लांब. दांडी जितकी लांब तितका बारीक फरक ठळक दिसतो. पारडी पाच. दोन टोकांना नेहमीची दोन. त्यांपैकी एकाच्या खाली पाण्यात बुडणारे तिसरे. उरलेली दांडीवर सरकवता येणारी. दांडीवर खुणा होत्या. कोणत्या धातूसाठी सरकते पारडे कुठे न्यायचे हे त्या खुणांवरून कळे आणि मिश्र धातूत कोणता किती आहे हे समजे. १००० मिस्काल, म्हणजे सुमारे साडेचार किलो वजनात एका दाण्याइतका फरक हा तराजू दाखवी, असे खाजिनी लिहितात. तो दाणा म्हणजे मिस्कालाचा ६८वा भाग. आपल्या सोनारांच्या भाषेत एका गुंजेहूनही कमी.

अल-बेरुनींनी मोजलेली धातू आणि रत्नांची तुलनात्मक वजने घेऊन खाजिनींनी सुमारे ५० पदार्थांची कोष्टके दिली. आजच्या पद्धतीने मांडले तर त्यांच्या ग्रंथात सोने पाण्याच्या १९.०५ पट जड येते, आजचा आकडा १९.३ आहे. शिसे ११.३२ पट येते, आजचा आकडा ११.३५ च्या आसपास आहे. पाणी गार आहे की ऊन, कोणत्या ठिकाणचे आहे, याने वजनात फरक पडतो हे त्यांना माहीत होते. पाण्याप्रमाणे हवाही वस्तूला थोडी उचलून धरते, म्हणून दाट हवेत आणि विरळ हवेत वजन सारखे येणार नाही, हेही त्यांनी मांडले. तराजूवर बोट ठेवणारा माणूस सगळ्यांना दिसतो. तराजूवर हवा बोट ठेवते, हे पाहणारी नजर विरळ.

आता ते परत पाठवलेले २००० दीनार पुन्हा आठवून पाहावेत. ज्या तराजूने राज्याचे सोने तपासायचे, तो तयार करणाऱ्याच्या घरात राज्याचे सोने येऊन पडले असते तर? कदाचित काहीच झाले नसते. सुलतानाचा हेतू चांगलाच असेल. पण मर्वमध्ये एक तराजू असा मोडलेला होता आणि मोडणाऱ्याच्या हाती सोने आलेले होते. खाजिनींनी आपले वजन आधाराच्या खाली ठेवले. गरज कमी, मागणी शून्य, घरात एक मांजर. अशा माणसाला धक्का बसला तरी तो झुलून पुन्हा आडवा होतो. ज्याच्या इच्छा आधाराच्या वर चढून बसतात त्याला उलटायला एक थैली पुरते. त्यांनी असे कुठे लिहून ठेवले नाही. पण त्यांचा ग्रंथ आणि त्यांची राहणी शेजारी ठेवली की दोन्हींत एकच गणित दिसते.

पुढे इतिहासाने मर्वला फार कठोर वागवले. ११५३ मध्ये गुझ टोळ्यांनी सुलतान संजर यांनाच कैद केले आणि शहर लुटले. ११५७ मध्ये संजर गेले. त्यांची घुमटाची भव्य कबर मर्वमध्ये आजही उभी आहे. १२२१ मध्ये मंगोल सैन्याने शहर उद्ध्वस्त केले. ज्या खजिन्यासाठी तराजू घडला तो खजिना राहिला नाही. टांकसाळ राहिली नाही, ग्रंथालये राहिली नाहीत.

ग्रंथ मात्र राहिले, कारण त्यांच्या नकला दूरवर गेल्या होत्या. खाजिनींचा जीज १३व्या शतकाच्या अखेरीस ग्रीक भाषेत गेला आणि बायझंटाइन विद्वान त्याचा अभ्यास करू लागले. ज्या रूमच्या मुलखातून एक मुलगा गुलाम म्हणून आणला गेला होता, तिथे त्याची विद्या त्याच्या पूर्वजांच्या भाषेत परतली. मीजान अल-हिकमाची एक हस्तलिखित प्रत १९व्या शतकाच्या मध्यावर इराणमधील तबरीझ येथे रशियाचे वकील असलेल्या खानिकोव्ह यांच्या हाती आली. त्यांनी तिचे मोठे उतारे अनुवादासह अमेरिकेतील प्राच्यविद्येच्या नियतकालिकात छापले आणि पाश्चात्त्य जगाला खाजिनी कळले.

यातला आपल्या घराजवळचा भागही सांगायला हवा. या ग्रंथाच्या ज्या मोजक्या हस्तलिखित प्रती जगात टिकल्या, त्यांतली एक मुंबईच्या जामा मशिदीच्या ग्रंथालयात आणि एक हैदराबादच्या आसफिया ग्रंथालयात सांभाळली गेली. हिजरी १३५९ मध्ये, म्हणजे इ.स. १९४०-४१ मध्ये, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ उस्मानिया या संस्थेने मूळ अरबी ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. मर्वचा तराजू दख्खनमध्ये पुन्हा टांगला गेला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे नाही. मुंबईत खरेदीसाठी जामा मशिदीच्या भोवतालच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

कुरआनमध्ये मीजान हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सूरह रहमानमध्ये आकाश उंच उभारण्याच्या उल्लेखालगत तराजू ठेवल्याचा उल्लेख आहे आणि तोलात घट करू नये अशी ताकीद आहे. सूरह हदीदमध्ये प्रेषितांसोबत ग्रंथ आणि तराजू पाठवल्याचे सांगितले आहे, लोकांनी न्यायाने वागावे म्हणून. मापात मारणाऱ्यांविषयी तर एक संपूर्ण सूरह त्याच नावाची आहे. खाजिनींनी आकाशाची कोष्टके केली आणि तराजूही केला, आणि दोन्हींकडे एकाच श्रद्धेने पाहिले.

रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब करतो. साडेसात तोळे सोन्याचा निसाब पाहिला जातो, चाळिसावा हिस्सा काढला जातो. घरातला दागिना सोनाराच्या काट्यावर जातो, तो किती कॅरेटचा आहे हे विचारले जाते. पाण्यात वजन करून सोन्याचा कस पाहण्याची रीत आजही वापरात आहे. त्या काट्याच्या मागे खाजिनी, इस्फिजारी आणि बेरुनी यांच्या पिढ्यांची मेहनत आहे. सोनाराचा काटा सोने किती ते सांगतो. आपल्याजवळ किती आहे आणि आपल्याला किती पुरते, हा दुसरा हिशेब मात्र आपला आपण करायचा असतो. दिवसभर पाण्याच्या घोटाशिवाय राहून, संध्याकाळी एका खजुराने रोजा सोडताना तो थोडा थोडा जमू लागतो.

मर्वच्या त्या विद्वानाला तो पूर्ण जमला होता. जवळ १० दीनार, वर्षाला ३, घरात एक मांजर. हजार दीनारांची थैली आल्यावर त्यांनी हा हिशेब सांगितला, थैली परत केली, आणि ते पुन्हा आपल्या तराजूकडे वळले.